कल्याणची काळी पूड

दारूनं माणूस गेला तर लोकांना कळतं. जुगारानं घर बसलं तरी कळतं. केसांच्या रंगापायी आमच्या घरावर वेळ आली म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे! मी कळव्याच्या बाजारात मासळी विकते, लोकांचं हसणं आणि लोकांची घासाघीस, दोन्ही अंगवळणी पडलंय. पण ऐकायचं तर पूर्ण ऐका, अर्ध्यावर उठून जाऊ नका.

माझं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी वय सांगितलं तीस. मी विशीतली. ह्यांची पहिली बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. डोक्यावर काळंभोर रान, छाती पुढं काढून चालणं, आमच्या आळीतल्या बायका मला म्हणाल्या, मंजुळे, नशीब काढलंस गो. वर्षाच्या आत सासूशी माझं भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही, कालवणातल्या मिठावरून असेल. त्या भांडणात सासू बोलून गेली, "माझा पोर चाळिशीचा झाला तरी तुझ्यामागं पोरासारखा धावतो, आणि तू मना शिकवतेस?"

चाळीस! दहा वर्षं गिळून बसला होता माणूस. मी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले. काय करणार? माणूस सोन्यासारखा होता. कंपनीत फिटर, पगार आणून हातात द्यायचा, कधी हात उगारला नाही. मी टोपली उतरवून आले की पायांवर गरम पाणी ओतायचा. अशा माणसाचं वय काय चाटायचंय? मी ते मनातून काढून टाकलं. त्यांनी मात्र काढलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

नीला झाली, एकुलती एक. ह्यांचा जीव की प्राण. चौथीपर्यंत गावातल्या शाळेत शिकली आणि हुशार निघाली, म्हणून सत्त्याऐंशी साली पाचवीला ठाण्याच्या मोठ्या शाळेत घालायचं ठरलं. तोवर ह्यांचे केस पार पांढरे झालेले. पन्नाशी उलटली होती, होणारच. इस्त्रीचा शर्ट घालून नीलाला घेऊन गेले. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "आजोबा, सहीला पालक लागतात. हिच्या वडिलांना पाठवा."

मागच्या रांगेतले लोक हसले. नीलाही हसली, दहा वर्षांची पोर, तिला काय समजतंय! ह्यांनी सही केली आणि घरी आले. जेवले नाहीत. मी विचारून विचारून थकले, शेवटी नीलानंच सांगितलं. मी म्हटलं, "त्या मेल्याचे डोळे फुटले असतील. एवढं काय लावून घ्यायचं?" हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "पोर हसली गं."

दुसऱ्याच रविवारी मेंदी आली.

लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची, त्यात आवळकाठी, त्यात काथ. रात्रभर मुरवून सकाळी ओट्यावर बसून थापायची. पण पांढऱ्या केसावर मेंदी काळी कुठली होते? डोकं झालं भगवं. आळीतली पोरं "महाराज, महाराज" करत मागं लागली. मग पाकिटातला रंग आला. तो काळा व्हायचा, पण पंधरा दिवसांत कडेनं पांढरी रेघ उगवायची आणि उन्हात बाकीचे केस तांबडे दिसायचे. ह्यांना ते चालत नव्हतं. ह्यांना पाहिजे होतं कुळकुळीत, आतून आल्यासारखं, आणि टिकणारं.

नाक्यावरचा गोविंदा न्हावी, जिभेला हाड नसलेला माणूस, त्यानं सांगितलं, "दामाजीशेठ, पाकिटं काय लावता बायकांसारखी! कल्याणला बाजारात एक अत्तरवाला बसतो. त्याच्याकडं सुटी काळी पूड मिळते. चिमूटभर मेंदीत टाकायची. दीड महिना हलत नाही."

हे कल्याणला गेले आणि कागदाच्या पुडीत ती पूड घेऊन आले. काळी कसली, करड्या रंगाची, दिसायला साधी. पाण्यात पडली की मात्र शाईसारखी काळी व्हायची, आणि वास असा उग्र की मांजर घर सोडून जायचं. पहिल्या वेळी लावली आणि डोकं धुऊन आले, तेव्हा मी खरंच बघत राहिले. लग्नातला माणूस परत आला होता. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. नीलानं टाळ्या वाजवल्या.

मग त्या डोक्याची बडदास्त सुरू झाली. देवाची नसेल एवढी. रंगवल्या दिवशी साबण नाही, नुसतं गार पाणी. दुसऱ्या दिवशी खोबरेल. कपड्याचा साबण डोक्याला शिवू द्यायचा नाही. खाडीत डुबकी बंद, का तर खाऱ्या पाण्यानं रंग उतरतो. कोळ्याचा पोर आणि खाडीत उतरत नाही! उन्हात टोपी, झोपताना डोक्याखाली जुनं फडकं. मुळं पांढरी दिसायला लागली की दात घासायच्या जुन्या ब्रशनं तेवढीच काळी करायची. मोरीच्या दगडावर काळं कडं पडलं ते घासून घासून माझे हात गेले, निघालं नाही.

चारेक वर्षं असं चाललं. मग कानामागं खाज सुटली.

आधी नुसती खाज. मग पाणी धरायचं, खपली व्हायची. मी म्हटलं, ही पूड बाधतेय. हे म्हणाले, घामानं होतंय. पुढच्या वेळी पूड लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पापण्या सुजलेल्या, डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी. मी बाजारात होते. हे एकटेच नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि संध्याकाळी मला फर्मान सोडलं, "आजपासून घरात कोलंबी बंद. मला ॲलर्जी आहे."

मी हातातला कोयता खाली ठेवला. "कोलंबीची? तुम्हाला? दात यायच्या आधीपासून सोडे चघळताय तुम्ही!"

"डॉक्टर माझ्यापेक्षा शहाण्या आहेत. काल काय खाल्लं विचारलं, मी सांगितलं कोलंबी. म्हणाल्या, तीच."

"आणि केसांना काय लावता ते विचारलं की नाही?"

हे चपला शोधायला लागले. तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "अहो मंजुळाबाई, मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, खोबरेल लावतो, केस घराण्यातच काळे आहेत आमच्या." दवाखान्यात ओळखीची चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर ह्यांच्या तोंडून रंग हा शब्द निघणार होता थोडाच! कोळ्याच्या घरात जन्मलेला माणूस कोलंबी सोडायला तयार झाला, पण ती पूड कबूल करायला नाही. असली चूक आमच्यातच होऊ जाणे.

बाईंनी मग मला नीट बसवून सांगितलं. "ही पूड अंगात भिनत जाते. शरीर एकदा तिच्यावर बिथरलं की विसरत नाही. आत्ता पापण्यांवर भागलंय. पुढच्या वेळी लवकर सुजेल, जास्त सुजेल. घसा आतून सुजला तर श्वास बंद होईल. त्यांना सांगा, जीव प्यारा असेल तर पुन्हा हात लावू नका."

मी घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितला. ह्यांनी ऐकून घेतलं. मी पुडी उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाडीत टाकली. मग नीलाला बोलावलं आणि म्हटलं, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. त्यांनी हात ठेवला. "नीलाची शपथ, पुन्हा लावणार नाही."

मला वाटलं, सुटले. पालथ्या घड्यावर पाणी! दोनेक महिन्यांनी बाजारातून आले तर मोरीच्या दगडावर ताजं काळं पाणी. दोन दिवस हे काळा चष्मा लावून घरात बसले. म्हणाले, डोळे आलेत. मी चष्मा ओढून काढला. कपाळ सुजून पुढं आलेलं, कानाच्या पाळ्या लाल, जाड. सूज ह्या वेळी त्याच संध्याकाळी आली होती. बाई म्हणाल्या तसंच, लवकर आणि जास्त.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतात!" मी ओरडले. "तिला काही झालं तर?"

"थोडीशीच टाकली होती," हे म्हणाले. "अर्धी चिमूट."

त्या दिवसापासून माझ्या पोटात भीती बसली. नीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी नाक्यापर्यंत धावत जायची. तिला साधं पडसं झालं तरी मला मोरीतलं ते काळं पाणी दिसायचं. ह्यांना मात्र भीती दुसऱ्याच गोष्टीची होती.

सासू आजारी पडली होती. जनाबाई म्हणजे आळीतली सगळ्यांत म्हातारी, पण जीभ शाबूत. पावसाळ्यानंतर तिनं अंथरूण धरलं. हे एकुलते एक. आई गेली की दहाव्याला खाडीवर बसून डोकं भादरायचं, आमच्याकडं त्याला सुटका नाही. हे रोज कामावरून आले की आईजवळ बसायचे, पाय चेपायचे. मी म्हणायची, किती करतो माणूस. एक दिवस मी बाहेरून ऐकलं. हे आईला हळूच विचारत होते, "आये, आजकाल लोक नुसती बट कापून देतात. चालतं म्हणतात. चालेल ना गं?"

सासूनं डोळे उघडले. "पोरा, तुजे केसांपायी मी मरायची थांबू काय रं?"

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. म्हातारीनं मला आत बोलावलं आणि ह्यांच्यासमोरच सांगितलं, "मंजुळे, माझे केस उन्हात पिकले नाय. ह्याची बट नको. सगळं काढ. मुळासकट काढ. मी गेल्यावर तरी ह्याला म्हातारा होव दे."

थंडीत सासू गेली. मी रडले, खूप रडले, पण दहाव्या दिवशी खाडीवर गोविंदानं वस्तरा चालवला आणि ते काळे झुपके चिखलात पडले, तेव्हा माझ्या मनात आलं, गेली एकदाची पीडा. म्हातारीनं जाता जाता पोराचा जीव वाचवला. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. वस्तरा लागून दोन ठिकाणी रक्त आलं. भरतीचं पाणी आलं आणि केस घेऊन गेलं.

मग केस उगवले. एखाद्याचं डोकं राखेत लोळवून काढावं तसे, पांढरेफटक. मिशीही पांढरी. रंगाखाली आम्ही इतकी वर्षं बघितलंच नव्हतं, चेहरा पार उतरला होता. आई गेल्याचं दुःख होतं, त्यात हे. महिन्याभरात माणूस सत्तरीचा दिसायला लागला. कंपनीत दाराशी नवा वॉचमन, त्यानं आत सोडलं नाही म्हणे, कुणाला भेटायचंय बाबा असं विचारलं. हे हसत सांगत होते. मला ते हसणं आवडलं नाही.

मी म्हटलं, "मला तुम्ही असे बरे दिसता. खरं सांगते."

"तू काय, तू कोलंबीलाही बरी म्हणतेस," हे म्हणाले. मला तेवढंच बरं वाटलं, थट्टा तरी करतोय.

त्याच दिवसांत नीला नाचत घरी आली. ती दहावीत होती. शाळेच्या परीक्षेत गणितात पहिली आली होती आणि ठाण्याला एका हॉलमध्ये रविवारी बक्षीस समारंभ होता. मुलांना आईवडिलांसोबत स्टेजवर बोलावणार होते. आई आणि बाबा, दोघांनी यायचं, फोटो काढणार. आमच्या घराण्यात स्टेजवर कुणी चढलं नव्हतं. मला तर पातळ कुठलं नेसू ह्याचीच चिंता पडली.

हे जमिनीकडं बघत बसलेले. नीलाच्या लक्षात आलं. पोर मोठी झाली होती, पाच वर्षांपूर्वीचं तिलाही आठवत असणार. जवळ जाऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही असेच या. मला काही वाटणार नाही." आणि मग वाटलं असेल, बाबांना बरं पडेल, म्हणून म्हणाली, "नाहीतर टोपी घाला. मी आणते नवीन पांढरी टोपी."

मायेनं बोलली हो ती. देवाशपथ मायेनं बोलली. पण ह्यांच्या चेहऱ्याकडं मी बघत होते. टोपी म्हटल्याबरोबर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "आण. छान दिसेल." मग उठून ओट्यावर जाऊन बसले.

मी त्या आठवड्यात ह्यांच्यावर पाळत ठेवली. बाजारातून मध्येच घरी यायची. कपाट, फळी, देव्हाऱ्यामागं, माळ्यावर, सगळीकडं पुडी शोधली. नाक्यावर जाऊन गोविंदाला दम दिला, "ह्यांच्या डोक्याला काळं काही लावलंस तर तुझ्या खुर्चीवर बोंबील ओतीन." तो कानाला हात लावून म्हणाला, नाही लावणार, वहिनी. आणि त्यानं नाहीच लावलं. त्यानं रविवारी सकाळी फक्त मान आणि कल्ले वस्तऱ्यानं साफ करून दिले. समारंभाला जायचं म्हणून.

रविवारी नीला सकाळीच ठाण्याला गेली, तिथं मुलांना स्टेजवर चढायची तालीम होती. समारंभ दुपारी. मी म्हटलं, सकाळचं गिऱ्हाईक तेवढं करून येते, रविवारी कोण सोडतं! हे म्हणाले, जा, मी डोकं धुऊन तयार होतो. आवाजात काही नव्हतं. विश्रामला, आमच्या शेजाऱ्याला, मी सांगून गेले होते की जरा ह्यांच्याकडं बघ.

बाजारात माझं लक्ष लागेना. सुरमई कापताना बोट कापलं. पाटी अर्धीच झाली होती, मी शेजारी बसणाऱ्या आवडाबाईच्या हवाली केली आणि निघाले.

आळीच्या तोंडाशीच वास आला. तोच उग्र वास. मी धावले.

हे ओट्यावर बसले होते. नवा शर्ट, पँटीला कडक इस्त्री. आणि डोकं काळं. बोटभर सुद्धा नसलेले केस, पण असे काळे की तसे लग्नातही नव्हते. मिशी काळी. डोक्याचं कातडंही काळं झालं होतं, कपाळापर्यंत. मला बघून उभे राहिले, पोरासारखे हसले.

"कसा दिसतोय?"

मी मोरीत बघितलं. पुडी पूर्ण रिकामी. चिमूट नाही, अर्धी चिमूट नाही, सगळी. केस लहान, धरणार नाही म्हणून सगळी ओतली, ब्रशनं घासून घासून मुळात चोळली, आणि लवकर धुतली नाही. वस्तऱ्यानं ताज्या सोललेल्या कातड्यावर. पूड पँटीच्या आतल्या खिशात शिवून ठेवली होती, खाडीवरून डोकं भादरून आले त्याच आठवड्यात कल्याणला जाऊन आणलेली. हे मला त्यांनी तेव्हाच सांगितलं, मोठी मर्दुमकी केल्यासारखं.

"मुडद्या, मरायचंय का तुला!" नवऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. "धू! आधी धू ते!"

"धुतलंय गं. आता निघत नाही." आणि मग खाकरले. "जरा कॉलर आवळतेय, बघ गं. नवीन शर्ट आहे."

वरचं बटन उघडंच होतं.

कान लाल झाले होते. मी बघत असताना ओठ जाड झाला. मी विश्रामला हाक मारली, तो रिक्षा घेऊन आला. दोघांनी धरून ह्यांना आत बसवलं. "समारंभाला उशीर होईल," हे सारखं म्हणत होते, आणि आवाज दर वेळी जाड येत होता, तोंडात घास असल्यासारखा. कळव्याच्या पुलावर एक ट्रक बंद पडलेला. पुढंही नाही, मागंही नाही. मी रिक्षातून उतरून गाड्यांच्या बॉनेटवर हात आपटत सुटले. "माणूस मरतोय माझा, बाजूला व्हा!" मासळीचा वास, विस्कटलेलं पातळ, लोकांना वाटलं वेडी आहे. परत येऊन बघते तर हे घशाला दोन्ही हातांनी धरून बसलेले, आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डोळे बंद होत चालले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. तरी शर्टाला डाग लागू नये म्हणून मान पुढं काढून धरली होती.

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बोटं निळी पडली होती. डॉक्टर धावले, त्यांना बोल लावणार नाही मी. सुया दिल्या. गळ्याला भोक पाडून नळी घातली तेव्हा छाती परत हलायला लागली. मग वॉर्डात आणून टाकलं. डॉक्टर मला म्हणाले, "अंगभर गेलंय, लघवी बंद आहे. दोन दिवस काढू द्या, मग बोलू." मी म्हटलं, पोर तिकडं वाट बघतेय. विश्राम तिला आणायला गेला.

मी खाटेशी उभी राहिले. मी आयुष्यभर नाना तऱ्हेची मासळी बघितली, फुगलेली, कुजलेली, पण माणसाचा चेहरा असा मी बघितला नव्हता. नाक गालांत बुडालेलं, ओठ उलटे, मान खांद्यात मिसळलेली. उजवा डोळा पूर्ण मिटलेला, डाव्याची बारीक फट उघडी. त्या फटीतून हे माझ्याकडं बघत होते. बोलता येत नव्हतं, नळीतून नुसती हवा. मी हात धरला. ह्यांनी दाराकडं बोट केलं. मी म्हटलं, "येतेय नीला, येतेय." मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि काळ्या केसांवरून फिरवला, नीट बसवायला. त्या फुगलेल्या हातानं.

नीला आली. शाळेच्या गणवेशात, हातात ढाल, श्वास लागलेला. विश्राम जिन्यात मागं पडला होता. मी त्याच वेळी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला नर्सबाईंकडं पाणी मागायला गेले होते. मी तिला दारातून आत येताना बघितलं. ती खाटा बघत बघत आली, एक, दुसरी, तिसरी. ह्यांच्या खाटेशी आली. ह्यांनी तिला बघितलं. हात वर केला.

तिनं त्या चेहऱ्याकडं बघितलं, त्या काळ्या डोक्याकडं बघितलं, आणि दचकून पुढच्या खाटेकडं गेली. मी हाक मारेपर्यंत ती सगळी रांग संपवून माझ्याजवळ पोचली होती.

"आई, बाबा कुठं आहेत गं?"

मी बोट दाखवलं.

"ते नाहीत," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, वॉर्ड शांत होता. "ते कुणीतरी दुसरे आहेत, आई. ते बाबा नाहीत."

हात थोडा वेळ वरच होता. मग खाली आला.

मी तिला ओढत नेलं, सांगितलं, ती हंबरडा फोडून त्यांच्या पायांवर पडली, बाबा बाबा करत राहिली. ढाल खाली पडली ती कुणी उचलली नाही. पण ती फट तोवर मिटली होती. मी म्हटलं, अहो, नीला आलीय, बघा तरी. ते बघेनात.

मंगळवारी सकाळी ते गेले. त्या मधल्या वेळात त्यांनी डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी नीलाला समजावलं, "सुजेमुळं उघडता येत नव्हते, बेटा, तू मनाला लावून घेऊ नको." नीलानं ते खरं मानलं, आजही मानते, मीही तिला तेच सांगते. पण मी दोन्ही दिवस उशाशी बसले होते. डोळ्यांवरची सूज सोमवारी उतरली होती.